गोधडीची वळणं

आजीच्या गोधडीला कोपरा असा नाहीच. चारही टोकं भाकरीसारखी गोल. "टोकदार कोपरा आधी फाटतो," असं ती म्हणे. ते खरं असावं, कारण गोधडी शाबूत होती. विरला होता तो फक्त कडेचा गोट.

शिंपी म्हणाला, "कोपरे चौकोनी कापतो, अर्ध्या तासात पट्टी मारून देतो." पण आजीचा धावदोरा कडेकडेनं फिरत आत गेलेला. कोपरा कापला की तो तुटणार आणि लुगड्यांचे थर सुटे होणार! गोधडी काखोटीला मारून मी घरी आलो आणि जाहीर केलं, "मीच शिवणार!" घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सरळ बाजू झोकात झाल्या. वळणावर मात्र पट्टीनं असहकार पुकारला. ओढली तर कोपरा द्रोणासारखा वर उठे, सैल सोडली तर चुण्या. तीनदा उसवलं. शेवटी सौ.नं कात्री काढून घेतली.

"अहो, सरळ धाग्यावर कापलीत पट्टी! उरेब कापा, ४५ अंशांत. तिरकं कापड ताण घेतं, म्हणून वळतं."

जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर मी. कोन तिनं सांगितला.

तीन कोपरे सुरेख बसले. चौथ्याचा जुना गोट उसवला, तर खाली उन्हाधुण्यापासून वाचलेला बोटभर गर्द डाळिंबी रंग! मला आजी आठवते ती विटक्या लुगड्यातली.

तो कोपरा अजून शिवायचा आहे. "कधी शिवणार?" सौ. विचारते. मी सांगतो, पट्टी संपली. डब्यात हातभर शिल्लक आहे, हे तिलाही ठाऊक आहे.