फुकटची प्रसिद्धी आणि मंगळवेढ्याची ज्वारी

जाहिरात आणि प्रसिद्धी हे दोन शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. जाहिरातीत माणूस आपल्याविषयी स्वतः बोलतो आणि त्या बोलण्याचे पैसे मोजतो. प्रसिद्धीत आपल्याविषयी दुसरा बोलतो, आणि तेही स्वखर्चाने. ‘फुकटची प्रसिद्धी कशी मिळवावी’ या विषयावर व्याख्याने होतात, पुस्तके निघतात. त्या सर्वांच्या मुळाशी खरा प्रश्न एवढाच असतो, की दुसऱ्याने आपल्यासाठी तोंड का उघडावे?

आमच्या घरची शेती मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात आहे. गेली काही वर्षे आम्ही चार-पाच शेतकरी आडतीला बगल देऊन ज्वारी थेट ग्राहकांना विकण्याचा खटाटोप करीत आहोत. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी केवळ तात्त्विक राहिलेला नाही. ज्वारी पिकवणे आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या येते. तिच्याविषयी बोलणे मात्र नव्याने शिकावे लागले.

वास्तविक मंगळवेढ्याला प्रसिद्धीचे धडे बाहेरून घ्यायची गरज नसावी. बहामनी राजवटीत दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली आणि बेदरच्या बादशहाचा रोष ओढवून घेतला. तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, ही कथा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. ती दामाजीपंतांनी पसरवली नाही. ती कीर्तनकारांनी गावोगाव नेली, महिपतीने १७६२च्या ‘भक्तविजया’त ग्रथित केली, विसाव्या शतकात येथील सहकारी साखर कारखान्यानेही दामाजींचेच नाव घेतले. याच गावच्या चोखोबांची गोष्ट अधिक विदारक आहे. १३३८ साली मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळले आणि इतर मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून नामदेवांनी ती पंढरपुरास नेली, अशी परंपरा सांगते. ज्याला देवळात पाऊल टाकू दिले नाही त्याची समाधी महाद्वाराशी झाली, ती नामदेवांसारखा सांगणारा भेटला म्हणून. त्याच ढिगाऱ्याखाली मेलेल्या इतर मजुरांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. सांगणारा मिळणे, न मिळणे याचे मोल एवढे असते.

आता ज्वारीकडे येतो. येथील खोल काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर, पुढे फारसा पाऊस नसतानाही, रब्बीची मालदांडी उभी राहते. टपोरा, मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावरांना कडबा, अशी तिची ख्याती. २०१६ साली ‘मंगळवेढा ज्वारी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि ज्वारी गरिबाच्या ताटातून उठून पंचतारांकित मेजवानीत जाऊन बसली. एवढी फुकटची प्रसिद्धी आमच्या आजोबांच्या स्वप्नातही आली नसती.

पण मालदांडी हे वाणाचे नाव आहे, गावाचे नव्हे. या वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दूरवर पेरली जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर हे, की शहरातल्या दुकानात कोणत्याही पोत्यावर ‘मंगळवेढा’ अशी चिठ्ठी लागू शकते आणि ग्राहकाला फरक कळत नाही. नाव आमचे, भाव दुसऱ्याचा. मानांकनाने कायद्याचे संरक्षण मिळते. पण ते ज्याच्यापर्यंत पोचायला हवे त्या ग्राहकाला त्याची खबरच नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

म्हणून आम्ही वर्तमानपत्रांकडे वळलो. मी स्वतः प्रेसनोट लिहिली. एका दैनिकाच्या वार्ताहराने ती वाचून शांतपणे विचारले, ‘पुरवणीला जाहिरात किती देता?’ त्याचा राग करण्यात अर्थ नव्हता. तालुक्याच्या वार्ताहराला अनेकदा मानधन तुटपुंजे मिळते आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर होते. नेत्यांच्या वाढदिवसांच्या पुरवण्या याच अर्थशास्त्रातून निघतात. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’चे जे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले, ते याच वाटेवरचे पुढचे गाव होते. बातमी विकत मिळू लागली की ती प्रसिद्धी उरत नाही. ती लपवलेली जाहिरात होते, आणि वाचकाला आज ना उद्या तिचा वास येतोच.

मग उपाय काय? माझ्या मते तो ‘आमच्याविषयी लिहा’ या विनवणीत नाही. दाखवण्याजोगे काहीतरी हाती असण्यात आहे. दादासाहेब फाळके भांडवलासाठी हिंडत होते, तेव्हा त्यांनी चित्रपटकलेवर भाषणे दिली नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर रोज त्याचे चित्रण केले आणि डोळ्यांदेखत अंकुराचा वेल होताना दाखवला. पैसे देणाऱ्याची खात्री त्यावरून पटली. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागण्याआधी, २१ एप्रिललाच त्यांनी मुंबईतील निमंत्रितांना तो ऑलिंपिया नाट्यगृहात दाखवला होता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी किर्लोस्करांचा नांगर घेईनात. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याचे ते छोटेसे पत्र पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. शंकरराव किर्लोस्करांनी दुसऱ्याच्या पानावर जागा मागण्याऐवजी स्वतःचे पान वाचनीय केले.

आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे हेच केले. प्रेसनोटा बंद केल्या आणि थंडीत हुरड्याला माणसे बोलावली: आहारतज्ज्ञ, शिक्षक, एखाद-दुसरा पत्रकार. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसे हातावर चोळून खाल्ली की भाषणाची गरज उरत नाही. पत्रकाराला स्तुती नको असते, बातमी हवी असते. या वर्षी ओल कमी का, दाण्यावर त्याचा काय परिणाम झाला, कडब्याचा भाव का चढला, हे सांगितले की तो स्वतःहून वही काढतो. ग्राहकांचेही तसेच. पुण्याहून एका बाईंचा तक्रारीचा फोन आला, भाकरी चिरते म्हणून. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. थोडेथोडे दळून आणावे, उकळत्या पाण्यात मळावे, एवढेच आम्ही सांगितले. त्या बाईंनी पुढे आणखी सहा घरे जोडून दिली. छापून आलेल्या कोणत्याही मजकुराने तेवढे काम केले नाही.

मात्र या सगळ्यात एक धोका आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. प्रसिद्धी वाढते तशी जमीन वाढत नाही. मागणी दुप्पट झाली म्हणून काळी माती दुप्पट ओल धरणार नाही. पाऊस चुकलेल्या वर्षी बाहेरची ज्वारी आणून आपल्या नावाने भरण्याचा मोह समोर उभा राहतो, आणि ज्या चिठ्ठीवर आपण चिडलो तीच आपल्या हाताने चिकटवायची वेळ येते. तशा एका वर्षी आम्ही ग्राहकांना ‘यंदा ज्वारी नाही’ असे कळवले. काही कायमचे गेले, बहुतेक थांबले.

फुकटची प्रसिद्धी खऱ्या अर्थाने फुकट कधीच नसते. दुसरा आपल्यासाठी बोलतो तेव्हा तो आपली पत पणाला लावतो, आणि ते ऋण पुढच्या पोत्यातल्या दाण्यांनीच फेडावे लागते. दामाजीपंतांची बाकी भरायला विठू महार धावून आला. आमची बाकी आम्हालाच भरायची आहे.