दुरून रम्य

एकत्र कुटुंबातील वर्तमानपत्र हे वडिलोपार्जित जमिनीसारखे असते. वाटणी झाल्यावाचून ते कोणाच्याच हाती येत नाही. आमच्या काटेवाडीच्या घरी क्रीडेचे पान नातू पळवितो, शब्दकोडे सूनबाईंकडे जाते आणि घरातील वडील माणूस म्हणून युद्धाचे पान माझ्या वाट्यास येते. मात्र नेमका त्याच वेळी चष्मा सापडत नाही. तो सापडावा तर चहा निवालेला असतो. आणि दोन्ही जुळून आले की वीज जाऊन पंखा थांबतो. अशा वेळी शांततेवरील माणसाची श्रद्धा डळमळू लागते, हे वाचकांपैकी ज्येष्ठ मंडळी तरी कबूल करतील.

एका जुन्या सुभाषितात दुरूनच रम्य भासणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. डोंगर आणि युद्धाची वार्ता या त्यांपैकी दोन. तिसरी कुटुंबाच्या मासिकात सांगण्याजोगी नाही. हे सुभाषित मी वर्गात कित्येकदा शिकविले. ते मलाच लागू आहे, हे मात्र साठी उलटल्यावर कळले.

२०२५ च्या मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटला. ८ मे रोजी धरमशाला येथील आयपीएलचा सामना दिवे मालवून अर्ध्यावर थांबविण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी सारी स्पर्धाच आठवडाभर स्थगित झाली. नातू हिरमुसला. "आजोबा, आता संध्याकाळी बघायचं काय?" मी ताडकन म्हणालो, "सीमेवर माणसं मरताहेत आणि तुला खेळ सुचतो!"

बोलून गेलो खरा. पण लगेच १९९९ सालचा ८ जून आठवला. कारगिलच्या शिखरांवर लढाई चालू होती आणि तिकडे मँचेस्टरला विश्वचषकात याच दोन देशांचा सामना होता. वेंकटेश प्रसादने २७ धावांत ५ बळी घेतले, आपण ४७ धावांनी जिंकलो आणि मी आळीत पेढे वाटले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हुतात्म्यांची नावे येत असत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी धावफलक वाचला; ती नावे नंतर. नातवावर रागावण्याचा अधिकार मला कोठून आला?

याच मे महिन्यात आमच्या आळीतील एक माउली रोज सकाळी ओट्याशी येऊन उभी राही. तिचा मुलगा सैन्यात. "गुरुजी, पेपरात काय आलंय?" मी मोठ्या उत्साहाने विमानांची व क्षेपणास्त्रांची नावे सांगू लागे. ती सारे ऐकून घेई आणि म्हणे, "पण थांबंल न्हवं आता?" त्या एवढ्याशा प्रश्नापुढे माझे सारे युद्धशास्त्र लटके पडे. १० मे रोजी संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली. ती सांगावयास मी चष्मा न शोधताच तिच्या दारी गेलो.

जूनच्या अखेरीस तुकोबांची पालखी आली. आमच्या गावी परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरून धावतात. गर्दीत ती माउली हात जोडून उभी होती. नातवाने विचारले, "आजोबा, यात जिंकलं कोण?"

"अरे, यात कोणी हरतच नाही," मी म्हणालो.

घरी येऊन पाहतो तो चष्मा पुन्हा बेपत्ता! तो सापडेपर्यंत युद्धाचे पान घडी घातलेलेच राहिले. त्या दिवशी मी कोणावर रागावलो नाही.