ओलीचा वास

सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून आबिड्स हे नाव पडलं. रविवारी मात्र तिथे दुकानांची शटरं खाली आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार. मी शाळेत असल्यापासून आई मला तिथे नेते. तिचा नियम ठरलेला: पुस्तक उघडायचं, शिवण बघायची, वास घ्यायचा. ओल लागलेलं पुस्तक कितीही स्वस्त असो, परत ठेवायचं.

परवा हाच नियम एका गाडीला लावला. आईला तुळजापूर-पंढरपूर करायचंय, पण गुडघे बसच्या प्रवासाला तयार नाहीत. म्हणून जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायचं मनात होतं. मिनीबसवर बांधलेली एक गाडी जवळच्याच गल्लीत उभी होती. किंमत ९ लाख. आत पलंग, ओटा, सिंक, सगळं चकाचक. "एकदम ओके है साब," मालक म्हणाला. आईने आत पाय ठेवला आणि हळूच विचारलं, "एवढ्या उदबत्त्या कशाला लावल्यात रे?"

मग नीट बघू लागलो. छताच्या खिडकीभोवती सिलिकॉनचे थरावर थर होते. तिथून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं, म्हणून डाग खालच्या कोपऱ्यात शोधायचा. सिंकखालचं प्लायवूड काळं पडून फुगलं होतं. बाबांनी फरशी वाजवून बघतात तशी भिंत वाजवली. एका जागी बद्द आवाज आला. गालिचा उचलून टाच दाबली, तर जमीन दबली.

टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो. वरवरचा गंज चालतो, पण इथे चासीचे पापुद्रे सुटत होते आणि ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ होती. पलंग बदलता येतो. चासी म्हणजे घराचा पाया. आरसीवर तर गाडी अजून मिनीबसच! असा बदल केल्यावर आरटीओत नोंद लागते, नाहीतर विम्याच्या वेळी पंचाईत.

मालकाला नमस्कार करून निघालो. माझा चेहरा पडला होता. आई म्हणाली, "तुळजापूर कुठे पळून जातंय? यंदा भाड्याच्या गाडीनं जाऊ."

तुम्हीही अशी गाडी बघणार असाल, तर चांगला पाऊस पडून गेल्यावर बघा. सोबत ओळखीचा मेकॅनिक न्या. आणि जमलं तर आईलाही.