अहो, ते हलतं!

आधीच सांगून टाकते, मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण आत्ता मला गप्प बसवत नाहीये! मी नॉर्दर्न लाइट्स बघितले! खरेखुरे! उघड्या डोळ्यांनी! आणि ते हलतात, हे मला आजवर एकानेही का सांगितलं नाही? फोटोत बघून वाटायचं, इंद्रधनुष्यासारखं एका जागी निमूट उभं असेल. निमूट कसलं! ते पळतं!

थांबा, नीट सांगते. ट्रोम्सो! नॉर्वेच्या पार वर, ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला साडेतीनशे किलोमीटर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही! दुपारी बारा वाजता निळसर उजेड येतो, जरा रेंगाळतो आणि गुल! आणि लोक? बाबागाड्या ढकलत मजेत हिंडतायत! बंदर गोठत नाही, कारण समुद्राचा कोमट प्रवाह थेट इथवर येतो. माझी नणंद ऑस्लोला असते, तिने बजावलं होतं, "वहिनी, गाइडबरोबरच जायचं हं."

मला वाटलं, गाइड म्हणजे 'डावीकडे बघा, उजवीकडे बघा'. छे! ही पोरगी तर ढगांच्या मागावर असते! मी सकाळपासून फोनवर केपीचा आकडा, म्हणजे लाइट्स किती जोरात असतील त्याचा अंदाज, बघून हिरमुसलेली. हा शून्य ते नऊ असतो आणि त्या रात्री होता जेमतेम दोन. ती म्हणाली, दोन पुरे! ट्रोम्सो ऐन अरोराच्या, म्हणजे या लाइट्सच्या, पट्ट्याखालीच आहे, आकाश तेवढं मोकळं हवं! आणि मग मिनीबस निघाली, आणि मग ती सारखी ढगांचे नकाशे बघतेय, कुणाला तरी फोन करतेय, आणि मग कळलं की समुद्रावरून येणारे ढग लिंगेनच्या डोंगरांना अडतात, म्हणून पलीकडे स्कीबोत्नच्या खोऱ्यात आकाश बहुतेक वेळा स्वच्छ, आणि तिथेही नसेल तर सरळ फिनलंडची हद्द ओलांडायची! ढग चुकवायला परदेशात जायचं! केवढी ही हौस!

स्कीबोत्नलाच थांबलो. आधी त्यांनी आम्हाला जाडजूड सूट चढवले. मी वाकूच शकत नव्हते, बुटाचे बंद बरोबर आलेल्या नणंदेने बांधले! मग शेकोटी, मग गरम चॉकलेट. फोन थंडीने मान टाकू लागला, तो मी थेट स्वेटरच्या आत कोंबला.

आणि मग गाइड म्हणाली, "ते बघा."

काय बघा? डोंगरावर एक फिकट राखाडी पट्टा. ढग! मी तसं म्हटलंसुद्धा! तिने तिपाईवरचा कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवून दाखवला, तर तो पट्टा हिरवागार! अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग धड दिसतच नाहीत म्हणे, कॅमेऱ्याला दिसतात. म्हणजे तुम्ही गेलात आणि आधी राखाडी दिसलं तर निराश होऊ नका! उभे राहा! कारण मग तो पट्टा जाड झाला, आणि मग डोळ्यांनाही हिरवा दिसायला लागला, आणि मग त्याला चुण्या पडल्या, आणि मग त्या चुण्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा सळसळत गेल्या, आणि खालच्या काठाला गुलाबी! गुलाबी! क्षणभरच! मी ओरडले, "अगं बाई गं!" आणि शेजारचे अनोळखी आजोबाही आपल्या भाषेत तेच ओरडले, माझी खात्री आहे!

आता हे ऐका, हे मला झोपूच देत नाहीये. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. तिथून निघालेले कण दोन-तीन दिवसांनी इथे पोचतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, आणि वर शंभर किलोमीटरच्या पुढे ते ऑक्सिजनवर आदळले की हिरवा रंग. त्याच्याही खूप वर, दोनशेच्या पलीकडे, लाल. खालचा गुलाबी नायट्रोजनचा. आणि गंमत अशी की धक्का बसलेला ऑक्सिजन हिरवा उजेड सेकंदभरात सोडतो, पण लाल सोडायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात! खाली हवेची एवढी गर्दी की तेवढ्यात दुसरा कुणी धडकतो आणि लाल राहूनच जातो! बिचारा! क्रिस्तियान बिर्कलँड नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हवा काढलेल्या पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून, त्यावर इलेक्ट्रॉन सोडून हा उजेड चक्क घरात पाडून दाखवला. पुढे त्यांचं चित्र दोनशे क्रोनरच्या नोटेवर छापलं! बरोबरच केलं!

आणि हसू नका, मे 2024 मध्ये मोठं सौर वादळ झालं तेव्हा आपल्या लडाखमध्ये, हानलेचं आकाशसुद्धा लाल झालं होतं. उंचावरचं लांबूनही दिसतं, म्हणून वरचा लालच तेवढा तिथवर दिसला. कळलं ना आता का?

तर जा! कडाक्याची थंडी झेपत नसेल तर सप्टेंबरअखेर जा, तेव्हाही रात्री पुरेशा अंधाऱ्या असतात आणि अरोरा उलट जरा जास्तच जोरात असतो. दोन-तीन रात्री हाताशी ठेवा, ढग कुणाचं ऐकत नाहीत. केपीचा आकडा बघत बसू नका. आणि गाइडने "ते बघा" म्हटलं की "ढग आहे" असं तेवढं म्हणू नका!