मोहरीची उशी

लेकीच्या बाळंतपणाला ब्रिस्टलला जाताना बॅगेत सगळ्यात आधी ठेवली ती मोहरीची उशी. अर्धा किलो मोहरी निवडून, उन्हात वाळवून, जुन्या मऊ धोतराच्या कापडात भरलेली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. सोबत आईच्या लुगड्याची गोधडी, दोन कुंच्या, चार टोपडी. लेकीने सगळं कौतुकानं पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, "आई, बाळ झोपेल तिथे यातलं काहीच ठेवायचं नाही. घट्ट गादी, वर चादर, बस्स. आणि उताणंच झोपवायचं."

मला ते फार लागलं. 1988 साली ही लेक झाली तेव्हा सासूबाई तिला पाळण्यात उताणी ठेवायच्या आणि मी येऊन पालथी करायचे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती मी खुणा करकरून वाचली होती. उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरू शकतं, असा त्यातला इशारा होता. सासूबाईंनी शाळा पाहिलेली नव्हती, मी पदवीधर. त्या गप्प बसल्या.

नात पाच आठवड्यांची असताना एका पहाटे तिने दूध ओकलं. लेक थकून झोपली होती. मी नातीला पुसलं, कुंची घातली, डोक्याखाली उशी दिली, गोधडी पांघरली आणि तिला पालथी केली. लेकीला विचारलं नाही. अर्ध्या तासाने तिला जाग आली तेव्हा गोधडी नातीच्या कानांवर सरकली होती, नाक उशीत रुतलं होतं आणि मानेवरचं जावळ घामानं चिकटलं होतं. लेकीने तिला झटकन उचललं. नात ठीक होती. लेकीचे हात मात्र कितीतरी वेळ थरथरत होते.

सकाळी ती रागावली नाही. कागदावर तिने दोन नळ्या काढल्या. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. ओकलेलं दूध खालच्या नळीकडेच राहतं, बाळ ते गिळून टाकतं. पालथं केलं की श्वासनलिका खाली येते. म्हणजे जी भीती मी इतकी वर्षं उराशी धरली, ती नेमकी उलटी होती.

मग मी वाचायला बसले. पालथं झोपणं आणि झोपेत अचानक बाळ दगावणं यांचा संबंध दाखवणारं मोठं काम याच ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग यांनी केलं होतं. डिसेंबर 1991 मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम ब्रिटनभर सुरू झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 2005 साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास तपासून लिहिलं, की हा धोका 1970 पर्यंतच ओळखता आला असता. तेव्हाच सल्ला बदलला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात किमान 50,000 बाळं वाचू शकली असती. तो आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला.

"तुला झालं का काही?" असं मी लेकीला ऐकवत आले होते. पण आमच्या वाड्यातल्या एकीचं अडीच महिन्यांचं बाळ रात्री झोपलं ते उठलंच नाही. दोन ते चार महिने हाच सर्वांत जोखमीचा काळ, हे आता कळलं. तेव्हा कुणी दृष्ट लागली म्हणालं. मी म्हणाले, "ढेकर न काढताच झोपवलं असणार." तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. ते बाळ कशानं गेलं, हे मला ठाऊक नव्हतं. सगळं नीट करूनही काही बाळं जातात. काळजीनं धोका घटतो, संपत नाही. तिची क्षमा मागायला हवी होती. ती आता हयात नाही.

उताणं झोपवण्यात सासूबाई बरोबर होत्या. उशी, कुंची, पांघरुणांचे थर आणि शेगडीची धग यात आम्ही दोघीही चुकलो. आपल्याकडे घरोघरी वेगळा पाळणा नसतो, सगळे एकाच अंथरुणावर झोपतात, हे मी जाणते. तिथेही बाळाची छोटी, घट्ट गादी हाताच्या अंतरावर वेगळी घालता येते. दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या कुशीत बाळ झोपवू नका. बाळाला छातीशी घेऊन सोफ्यावर डुलकी तर कधीच नको. पालथं घालायचं ते बाळ जागं असताना, आपण समोर बसून.

दुसऱ्या नातवाच्या वेळी मी फक्त झबली शिवून नेली. आज्यांनो, वर्षभर पाळण्यात बाळाशिवाय काहीच ठेवू नका. गोधडी जरूर शिवा, पण ती पहिल्या वाढदिवसाला द्या.