खोडरबराखालचा घाट

कॉम्प्युटरवर शाई चढवणं म्हणजे लबाडी, असं मी तीस वर्षं म्हणत आलो. शिकायला येणाऱ्या मुलांनाही तेच बजावलं. ते मत आता मी सोडलंय, आणि ज्यांना ऐकवलं त्यांना ते कळायला हवं म्हणून हे लिहितोय.

काशीत दुर्गाघाटच्या मराठी वस्तीत आमचं घर. पहाटे पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून पेन्सिलीनं चित्र काढायचं, रात्री घरी टाक बुडवून शाई चढवायची, ती वाळली की खोडरबर फिरवून पेन्सिल काढून टाकायची. खरं चित्र शाईचं. पेन्सिल म्हणजे परांची, काम झालं की उतरवायची.

गेल्या श्रावणात गंगा चढली, पायऱ्या बुडाल्या. घरातला कागद इतका सादळला की रेघ ओढताच शाई कडेनं फुटायची. एका दिवाळी अंकाची सहा चित्रं द्यायची होती. दोन कागद वाया गेले तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, एकदा स्कॅन करून तर बघा." 600 डीपीआयला ए-फोर कागदाचे साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके झाले. क्रिटा हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडून तिनं पेन्सिल फिकट निळी केली, वर कोरा लेयर घेतला आणि पेन माझ्या हातात दिला.

सुरुवातीला माझंच मत खरं ठरतंय असं वाटलं. रेघ सावरून देणारं स्टॅबिलायझर जास्त ठेवलं की शिंदे घाटाजवळच्या रत्नेश्वराच्या कललेल्या देवळाचे दगडसुद्धा गुळगुळीत व्हायचे. चित्र मोठं करून एकेक रेघ दहादा रद्द करत बसायचो. शेवटी स्टॅबिलायझर अगदी कमी केलं, आणि छपाईच्या आकाराहून मोठं करून बघायचं नाही असं ठरवलं. मग हात मोकळा झाला.

मत बदललं ते एका संध्याकाळी. चित्र संपल्यावर मी शाईचा लेयर बंद केला, आणि खाली पेन्सिल जशीच्या तशी होती. नाव दोनदा काढलेली, कारण मी काढत असताना ती प्रवाहानं सरकली होती. छत्रीखाली बसलेल्या घाटिया पुरोहिताच्या खांद्यापाशी चार रेघा, आणि चारही बरोबर. माणूस हलत होता. शाईनं त्यातली एक मी ठेवली होती. बाकीच्या तीन मी आयुष्यभर खोडत आलो. घाटासमोर बसून ओढलेली रेघ पेन्सिलीचीच होती. शाईची रेघ मी खोलीत, दिव्याखाली ओढायचो, आणि तिलाच अस्सल म्हणायचो.

जेम्स प्रिन्सेप 1820 ते 1830 इथल्या टांकसाळीत होता. त्याची बनारसची चित्रं लोकांपर्यंत पोचली ती शिळाछापानं, आणि त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या दगडावरच्या रेघा इंग्लंडमधल्या चित्रकारांच्या हातच्या. मुलांना रेघ कशी असावी हे सांगताना मी हीच चित्रं पुढे ठेवायचो. मधल्या दुसऱ्या हाताबद्दल मला ठाऊक होतं, तरी तिथे लबाडी हा शब्द माझ्या तोंडी कधी आला नाही.

ट्रंकेत जुने तीनशेच्या वर कागद आहेत, पेन्सिल खोडलेले. खिडकीपाशी तिरपे धरले तर कुठे कुठे पेन्सिलीच्या टोकानं कागदात उठलेले वळ दिसतात. त्यातला पंचगंगेचा एक काल स्कॅनरवर ठेवला. शाई स्वच्छ उमटली. वळ उमटले नाहीत.