लिस्बन शहरांतील एक दिवस

प्रवासवर्णनें लिहिणारे बहुधा शहर पाहावयास जातात. आम्ही २०२२ सालच्या ऑक्टोबरांत लिस्बनला गेलों तें मुख्यत्वेंकरून एका बाईंस भेटावयास. आणि शहर पाहिलें तें भेटीची वेळ होईपर्यंत जीव स्वस्थ बसूं देईना म्हणून. हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें, कारण घरीं आम्ही सांगितलें होतें तें नेमकें याच्या उलट.

आमची पत्नी वारल्यास त्या वेळीं आठ वर्षें झालीं होतीं. पुण्यास आमच्या घरांत वृद्ध आई, थोरले बंधु, वहिनी व त्यांचीं मुलें असा भरलेला संसार असल्यामुळें जेवणाच्या ताटाची किंवा आजारपणाची चिंता आम्हांस कधीं पडली नाहीं. परंतु भरल्या घरांतही रात्रीं दिवा मालवल्यावर चार शब्द बोलावयास माणूस लागतें, हें आमच्या पुतणीच्या ध्यानांत आलें, आणि तिनें आमच्या मोबाइलमध्यें एक डेटिंग ॲप बसवून दिलें. पूर्वीं वधूवरसूचक मंडळें जें काम करीत तेंच हें करतें. फरक इतकाच कीं गोत्र विचारीत नाहीं. त्यांतून या बाईंची ओळख झाली. वय अठ्ठेचाळीस, घटस्फोट होऊन बराच काळ लोटलेला, आणि जुन्या चित्रित फरशांची डागडुजी करणें हा व्यवसाय. सात महिने पत्रें चाललीं. पुढें माद्रिदला कचेरीचें काम निघालें, आणि परततांना एक दिवस मोकळा काढतां आला.

भेटीची वेळ दुपारीं एकची. सकाळीं नऊ वाजतांच आम्ही बेलें उपनगर गांठलें. तेथील जेरोनिमुश मठाचें बांधकाम १५०१ मध्यें सुरू झालें, आणि त्याचा खर्च बव्हंशीं पूर्वेकडील मसाल्यांच्या व्यापारावरील करांतून भागविला गेला. खांबांवर पोंवळीं, गलबतांचे दोर आणि त्यांच्या गांठी कोरलेल्या आहेत. आमच्या मनांत मात्र राहून राहून मिऱ्यांचीं पोतीं येत होतीं. चर्चमध्यें प्रवेश करतांच वास्को द गामाची समाधि लागते. हा मनुष्य १५२४ मध्यें कोचीस वारला व तेथेंच पुरला गेला. १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेल्या, आणि या मठांत त्या आल्या १८८० मध्यें. मेल्यावरही इतका प्रवास घडलेला दुसरा दर्यावर्दी आमच्या ऐकिवांत नाहीं. मठाचीं, नदीकांठच्या बुरुजाचीं, रुळांवरील पिवळ्या ट्रामगाडीचीं अशीं वीस-पंचवीस छायाचित्रें आम्ही घरच्या मंडळींस लागोपाठ पाठवून दिलीं. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें.

बेलेंची प्रसिद्ध मिठाई म्हणजे पिठाच्या पापुद्र्यांच्या वाटींत भाजलेलें दुधाअंड्यांचें घट्ट सारण. १८३७ पासून तेथें ही विकली जाते. अंडें आमच्या घरांत आतां अगदींच वर्ज्य राहिलेलें नाहीं, तथापि आईच्या पानाशेजारीं तें अद्याप येत नाहीं. आम्ही दोन खाल्लीं, आणि तिसरें केवळ संकोचानें सोडलें.

रोसियू चौकांत काळ्यापांढऱ्या दगडांची फरसबंदी लाटांच्या नक्षीची आहे. सपाट जमीनही त्यामुळें हलते आहेसें वाटतें. त्या दिवशीं तर तें फारच वाटलें. बाई वेळेवर आल्या. तिकडील रीतीप्रमाणें त्यांनीं गालास गाल लावण्याकरितां मान पुढें केली, त्याच क्षणीं आम्ही नमस्कारासाठीं हात जोडले, आणि आमचीं बोटें त्यांच्या हनुवटीस लागलीं! दोघांसही हसूं आवरेना. पुढील अर्ध्या तासाचें अवघडलेपण त्यामुळें वांचलें.

चौकापासून नदीपर्यंतचा बाइशा हा भाग आपण चालतच पाहूं, असें त्या म्हणाल्या. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, लोक चर्चमध्यें असतांना येथें महाभयंकर भूकंप झाला. मागोमाग समुद्र चढून आला, आणि सणानिमित्त लावलेल्या मेणबत्त्यांनीं व चुलींनीं लागलेल्या आगी कित्येक दिवस विझल्या नाहींत. पोंबालच्या मार्किसानें हा भाग सरळ रस्त्यांचा आंखून पुन्हां उभारला, आणि घरांच्या भिंतींच्या पोटांत लांकडी पिंजरे बसवविले, हेतु हा कीं जमीन हलली तर भिंतीनें ताठ राहून तुटण्याऐवजीं थोडें हलावें. नमुन्याच्या सांगाड्याभोंवतीं शिपायांची पलटण नाचवून त्याची परीक्षा घेतली, असें सांगतात.

तेथून बसनें आम्ही फरशांच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेलों. १५०९ मध्यें राणी लिओनोरनें स्थापिलेल्या जोगिणींच्या मठांत तें आहे. येथें मात्र बाईंची चाल बदलली. माहेरच्या वाड्यांतून पाहुण्यास हिंडवावें तशा त्या पुढें चालूं लागल्या. सुमारें चौदा सेंटिमीटर चौरस अशी एकेक फरशी. तिच्यावर कथलाची पांढरी झिलई, आणि तींवर कोबाल्टच्या निळ्यानें काढलेलें चित्र. भिंतींतील ओलीबरोबर आलेले क्षार झिलई फोडतात, म्हणून फरशा उतरवून, प्रत्येकीस क्रमांक घालून पाण्यांत बुडवून ठेवाव्या लागतात, व क्षार उतरेपर्यंत पाणी बदलीत राहावें लागतें. घाई केली कीं काम बिघडलें.

वरच्या मजल्यावर सुमारें तेवीस मीटर लांबीचें एक चित्र आहे. सन १७०० च्या सुमारास काढलेलें लिस्बन, नदीच्या बाजूनें पाहिलेलें. राजवाडा, देवळांचे मनोरे, धक्क्यावरील होड्या, उतारावर एकमेकींस खेटून बसलेलीं घरें. यांतील पुष्कळसें शहर १७५५ नंतर उरलें नाहीं. बाई एकेका जागीं बोट दाखवून म्हणत होत्या, "हें गेलें. हेंही गेलें. हें उभें राहिलें." आम्हांस आमच्या खोलींतील भिंतीवरची तसबीर आठवली. तें त्यांस कळलें असावें, कारण थोडा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत, मग आपण होऊन विचारलें, "त्यांस गाण्याची आवड होती कां?" पत्रांत आम्ही तें एकदांच, सहज लिहिलें होतें.

नंतर एका लहानशा उपाहारगृहांत बसलों. त्यांनीं "शा" मागविला. आम्ही म्हटलें, हा तर आमचा चहा. मग टेबलावरच खेळ सुरू झाला. आमचा पाव तो त्यांचा पांव, बटाटा तो बताता, साबण तो सबांव, चावी ती शाव. साडेचारशें वर्षांच्या राज्यानें गोमंतकांत जें केलें त्याचा हिशेब या शब्दांनीं फिटत नाहीं, हें त्यांसही ठाऊक होतें. १९६१ चा विषय त्यांनींच काढला.

हसतां हसतांच त्यांनीं विचारलें, "आज आपण कोणाबरोबर आहां, हें घरीं माहीत आहे?"

"पुतणीस माहीत आहे."

"म्हणजे नाहीं." त्यांनीं पेला खालीं ठेवला. "दोन वर्षें मी एका माणसाच्या आयुष्यांत होतें, पण त्याच्या घरांत कोणास माझें नांव ठाऊक नव्हतें. मी तसें पुन्हां राहणार नाहीं. आपण मला आवडतां, म्हणून आजच सांगतें."

आम्हांस उत्तर सुचेना. बाई परधर्माच्या, मासे खाणाऱ्या, ही अडचण खरी नव्हती. तेवढें सोसण्याइतकें आमचें घर आतां मोठें झालें आहे. खरें भय होतें तें आईच्या एका प्रश्नाचें: मग तूं तिकडे जाणार कीं काय? त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि उत्तर नाहीं म्हणून आम्ही प्रश्नच टाळीत होतों.

संध्याकाळीं ग्रासा टेकडीवर गेलों. समोर किल्ला, पलीकडे तेजू नदी, आणि तांबडा झुलता पूल. १९६६ मध्यें तो सालाझारच्या नांवानें खुला झाला, आणि १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचें नांव बदललें. पुण्यांत तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दादा उशिरापर्यंत वाचीत बसतात. बाई कठड्याशीं दूर जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्ही फोन लावला. सांगावयाचें तें तीन-चार वाक्यांत सांगून टाकलें.

पलीकडे कांहीं वेळ निःशब्द. मग दादा म्हणाले, "तुझी वहिनी दुपारपासून म्हणतेच आहे, हा इमारतींचे एवढे फोटो कधीं पाठवीत नाहीं." आणि थोडें थांबून, "त्या जेवल्या कां? आईला मात्र तूंच सांग. मी सांगणार नाहीं."

आम्ही सर्व शब्दशः बाईंस सांगितलें. त्यांस पहिलें वाक्य लगेच समजलें. "पण माझ्या जेवणाची त्यांस काय चिंता?" हें समजावून देतां देतां ट्रामचा थांबा आला.

आई पहाटे साडेपांचला उठते. लिस्बनमध्यें तेव्हां रात्रीचा एक वाजलेला असतो. आम्ही निजलों नाहीं. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि अपेक्षेप्रमाणें तेंच विचारलें, "मग ती इकडे येईल, कीं तूं तिकडे राहशील?"

"अजून ठाऊक नाहीं."

"बरें. ठाऊक झालें कीं आधीं मला सांग," असें म्हणून तिनें फोन वहिनींच्या हातीं दिला; तिची फुलें काढण्याची वेळ झाली होती.